कोरडवाहूला झेपेल असे कापसाचे वाण हवे

१९७० साली सुरतच्या कापूस संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचे ‘संकरित-४’ बाहेर पडले. व्यापारी लागवडीसाठी आलेले कापसाचे हे जगातले पहिले संकरित वाण. असे बी तयार करायचे तर उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज दुपारनंतर हाताने काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, असे हे कळीगणिक कष्टाचे काम. दोन वर्षांनी धारवाडहून ‘वरलक्ष्मी’ आले, पुढे नांदेडचे ‘एनएचएच-४४’ मराठवाडा-विदर्भात पसरले. या संशोधकांचे देशावर मोठे उपकार आहेत.

प्रश्न आहे तो हे झाड कुठे रुजवले गेले याचा. संकरित कपाशी डेरेदार वाढते, सहा-सहा महिने पाते-बोंडे धरत राहते. हाताशी पाणी असेल तर हेच तिचे बळ. पण महाराष्ट्रातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. यवतमाळ-वर्ध्याच्या हलक्या जमिनीत पाऊस परतला की ओल झपाट्याने उडते, आणि नेमकी तेव्हाच बोंडे भरायची असतात. पाते गळते, बोंड बारीक राहते. बियाण्याचा आणि खताचा खर्च मात्र होऊन गेलेला असतो.

२००२ मध्ये बीटी तंत्रज्ञान आले. हिरव्या बोंडअळीला त्याने आवर घातला, हे मान्यच करायला हवे. पण बीटीचे जनुक आपल्याकडे जवळजवळ केवळ संकरित वाणांतूनच आले. संकरित कापसाची सरकी राखून पेरली तर पुढच्या पिकात गुण टिकत नाहीत, म्हणून दरसाल पाकीट विकत घेणे आले. बी महाग, म्हणून लागवड विरळ. त्यात पीक लांबले आणि फरदडीने, म्हणजे वेचणीनंतरही शेतात राखलेल्या पिकाने, गुलाबी बोंडअळीला हंगामभर खाद्य मिळाले. ती बीटीला दाद देईनाशी झाली आणि २०१७ साली महाराष्ट्रातली शेतेच्या शेते तिने पोखरली.

भारतात हेक्टरी रुई साडेचारशे किलोच्या आसपास निघते. ब्राझीलमध्ये ती याच्या तिपटीहून जास्त आहे. तिथला कापूसही बहुतांशी पावसावरचा. पाऊस आपल्यापेक्षा भरवशाचा, हे खरे. तरी तिथले शेतकरी सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाची, आटोपशीर झाडांची दाट पेरणी करतात. प्रत्येक झाडाला बोंडे थोडी, पण ती एकदम फुटतात.

ही वाट आपल्याला अनोळखी नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ‘सुरज’सारखे सरळ वाण दाट पेरून घेण्याची पद्धत सांगितली आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कापसात लांब धाग्याचे वाण काढले. देशी कापूस ताण सोसतो आणि रसशोषक किडींनाही बऱ्यापैकी तोंड देतो.

मग हे बी गावोगाव का दिसत नाही? सरळ वाणाची सरकी शेतकरी घरीच राखू शकतो, त्यामुळे खासगी कंपनीला त्यात नफा थोडा. हे काम सरकारी पैशानेच व्हायला हवे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले, त्यात भर आहे अतिलांब धाग्यावर. त्यातला ठरावीक वाटा अकोला, परभणी आणि नागपूरच्या पैदासकारांना मिळावा: लवकर येणाऱ्या, रुईचा उतारा चांगला असलेल्या सरळ वाणांसाठी. त्यांच्या चाचण्या ओलिताशिवाय, हलक्या जमिनीवर घ्याव्यात. आणि राज्याच्या बियाणे महामंडळाने, महाबीजने, त्यांचे बीजोत्पादन आतापासून वाढवून बी मृगाच्या आधी तालुक्याच्या दुकानात पोहोचवावे.