दोन चाकऱ्यांचा कर आणि आपली मागणी

आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत एका तरुण साथीने तावातावाने सूचना मांडली की, पक्षाने प्राप्तिकर रद्द करण्याची मागणी करावी. बऱ्याच माना डोलल्या. हा साथी माझा जुना विद्यार्थी. अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण त्याने माझ्याच वर्गात घेतले. त्या सूचनेचे अपश्रेय काही अंशी माझ्याकडेही येते, आणि म्हणूनच तिला जाहीर उत्तर देणे मला भाग आहे.

त्याच्या संतापाचे कारण आधी सांगितले पाहिजे, कारण ते खरे आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तो सकाळी एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात दरमहा ३५ हजारांवर आणि दुपारनंतर दुसऱ्या एका संस्थेत ४० हजारांवर शिकवीत होता. दोन्हीकडे वर्षावर्षाचा करार. दोन्हीकडच्या पगारातून प्राप्तिकराची पैही कापली गेली नाही, तेव्हा आपण कराच्या कक्षेबाहेर आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. जुलै २०२५ मध्ये विवरणपत्र भरण्यासाठी त्याने दोन्ही पगारपत्रके करसल्लागारापुढे ठेवली. एकूण उत्पन्न ९ लाख. ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता उरले ८ लाख २५ हजार. नव्या करप्रणालीप्रमाणे त्यावर कर ३२,५०० आणि चार टक्के अधिभार धरून ३३,८००. आगाऊ कर न भरल्याबद्दलचे व्याज आणखी ३,०५५. म्हणजे ३६,८५५ रुपये तातडीने भरा! एका नोकरीचा अख्खा महिन्याचा पगार त्यात गेला.

हे घडले कसे? प्रत्येक मालकाने आपणच एकमेव मालक आहोत असे गृहीत धरून हिशेब केला. प्रमाणित वजावट दोनदा दिली, शून्य दराचा टप्पा दोनदा दिला, आणि सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला त्या वर्षी मिळणारी पूर्ण करसवलतही दोनदा दिली. कायद्याच्या दृष्टीने माणूस मात्र एकच. वर्षाअखेरीस दोन उत्पन्नांची बेरीज होताच दोनदा मिळालेले सारे एकदाचे झाले. मध्येच नोकरी बदलणाऱ्याच्या वाट्यालाही हेच येते.

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. तो ३३,८०० रुपयांचा कर अन्यायाचा नव्हता. एकाच नोकरीत ९ लाख मिळविणारा जेवढा देतो तेवढाच तो होता. उत्पन्न वाढेल तसा दर वाढावा हे तत्त्व आपण मानीत असू, तर उत्पन्नाचे दोन तुकडे करून प्रत्येकाला वेगळी सूट मागणे आपल्याला शोभणार नाही. प्राप्तिकर रद्द झाला तर सरकार चालेल कशावर? साबणावर आणि चपलांवर बसणाऱ्या करावर, जो कारखानदाराला आणि त्याच्या घरच्या मोलकरणीला एकाच दराने लागतो. ही मागणी कोणाच्या सोयीची आहे, हे अर्थशास्त्राच्या पदवीधराला तरी मी सांगावे लागू नये.

संपत्तीवरचे कर या देशात एकेक करून कसे नाहीसे झाले, तेही आठवावे. १९५३ चे मृत्युशुल्क १९८५ मध्ये गेले. कॅल्डॉरच्या १९५६ च्या शिफारशींतून आलेला देणगीकर १९९८ मध्ये आणि संपत्तिकर २०१५ मध्ये गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडून देणाऱ्या कंपन्यांचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला गेला. प्राप्तिकरही गेला म्हणजे धनिकांचे मैदान साफ होईल. मध्यमवर्गीयांच्या त्राग्यावर स्वार होऊनच हे काम होते.

मग अन्याय कोठे आहे? तो कराच्या आकड्यात नसून वसुलीच्या पद्धतीत आहे, आणि येथे माझा विद्यार्थी माझ्यापेक्षा अधिक बरोबर आहे.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात, कलम १९२ च्या दुसऱ्या पोटकलमात, या अडचणीवर उपाय लिहिलेला होता. एकाच वर्षी दोन मालकांकडे काम करणाऱ्याने एका मालकाला दुसरीकडच्या पगाराचा तपशील नमुना १२ ब मध्ये द्यावा, म्हणजे तो मालक एकत्रित हिशेबाने कर कापील. कागदावर व्यवस्था चोख आहे. पण हा कागद कोणी कोणाच्या हाती द्यावयाचा? माझ्या विद्यार्थ्याच्या नेमणूकपत्रात अन्यत्र काम न करण्याची अट आहे. ३५ हजारांत घर चालत नाही हे संस्थाचालकांना ठाऊक आहे. त्यांचे अर्धे शिक्षक दुपारी कोठे जातात हेही ठाऊक आहे. जोपर्यंत ते कागदावर येत नाही तोपर्यंत त्यांची हरकत नाही. ते कागदावर आले की पुढच्या वर्षीचा करार गेला. म्हणजे कायद्याने दिलेला उपाय वापरावयाचा तर नोकरी पणाला लावावयाची. आगाऊ कर स्वतःच भरण्याची दुसरी वाट होती, हे खरे. पण जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या चार तारखा दिवसाला सहा-सहा तास खडू झिजविणाऱ्या माणसाला कोण सांगणार? करार करणाऱ्या दोन संस्थांपैकी एकीच्याही लेखनिकाने सांगितले नाही.

व्याजाची तर बातच वेगळी. आगाऊ करात उणीव राहिली तर सरकार महिन्याला एक टक्का घेते. नागरिकाचाच जादा कर सरकारकडे अडकला तर परताव्यावर देते अर्धा टक्का. ज्या सावकाराचे घेण्याचे आणि देण्याचे माप वेगळे असते त्याच्याविषयी आपल्या खेड्यांत काय बोलतात, ते येथे छापता येणार नाही.

व्यवसायकराचा प्रकार याच्या नेमका उलट. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे हा कर एका माणसाकडून राज्याला वर्षाकाठी २,५०० पेक्षा अधिक घेता येत नाही. दोन्ही संस्थांनी मात्र तो पगारातून नेमाने कापला. हे टाळण्यासाठीही दोन मालक असल्याचे लेखी कळवावे लागते! म्हणजे सूट दोनदा मिळाली ती व्याजासह परत करावयाची, आणि कर दोनदा कापला गेला तो विसरून जावयाचा.

सरकारला दोन नोकऱ्यांची जुळणी करता येत नाही, हे आता कोणी सांगू नये. भविष्यनिर्वाह निधीचा एकच क्रमांक २०१४ पासून कामगाराच्या मागे सर्व नोकऱ्यांत फिरतो. पॅन आधारशी जोडण्यात उशीर केला म्हणून याच सरकारने लोकांकडून हजार-हजार रुपये घेतले. एवढी जुळणी दंडासाठी जमते, तर वेळेवर सूचना देण्यासाठी का जमू नये? ब्रिटनमध्ये १९४४ पासून पगारातून कर कापण्याची जी पद्धत आहे, तीत करखातेच प्रत्येक कामगाराचा संकेतांक मालकाला कळविते. सूट सहसा पहिल्या नोकरीला लावतात आणि दुसरीवर पहिल्या पौंडापासून मूळ दराने कर कापतात. संकेतांक चुकतात, तक्रारी तेथेही होतात. पण तीन हजार पौंडांच्या आतली उणीव सहसा पुढच्या वर्षाच्या पगारातून हप्त्याहप्त्याने वळती करतात. ब्रिटनचे सरकार काही समाजवादी नव्हे. तरीही एवढे त्याला सुचते.

काही साथी म्हणतील, २०२५ च्या अर्थसंकल्पाने बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले, आता हा प्रश्नच मिटला. ९ लाखांवाल्याचा मिटला, हे मान्य. पण सापळा मोडलेला नाही, नुसता वरच्या पायरीवर ठेवला आहे. २०२५-२६ मध्ये ५५ हजार आणि ६० हजार अशा दोन नोकऱ्या करणाऱ्याचा दोन्हीकडे कर कापला जाणार शून्य, आणि वर्षाअखेरीचे देणे ७८,७८० रुपये, व्याज वेगळे. त्याच्या बारा लाखांवरच्या कमाईला दर लागतो १५ टक्के. शेअर विकून दीर्घ मुदतीचा नफा मिळविणाऱ्याला मात्र जुलै २०२४ मध्ये दर ठरला साडेबारा टक्के, तोही पहिले सव्वा लाख सोडून. दुपारची दुसरी पाळी करणाऱ्याच्या घामाला शेअरपेक्षा चढा दर! यावर आपल्या व्यासपीठांवरून कितीसे बोलले गेले?

म्हणून माझी विनंती अशी की, ती सूचना मागे घ्यावी आणि तिच्या जागी दुसरी मांडावी. दोन पगारांची जुळणी करखात्याने स्वतः करावी आणि वर्ष संपण्यापूर्वी कामगाराला कळवावे. एका मालकाचे नाव दुसऱ्याला कळू देऊ नये. केवळ पगारावर जगणाऱ्याला अशा उणिवेवर व्याज लावू नये, आणि बाकी पुढच्या वर्षी बारा हप्त्यांत घ्यावी. यापेक्षाही महत्त्वाची मागणी शिक्षणसंस्थांकडे आहे: पूर्ण वेळेचे काम, पूर्ण वेतन, म्हणजे माणसाला दुसरी नोकरी लपवून करावीच लागणार नाही. पहिली मागणी दिल्लीकडे करावयाची आहे. दुसरीसाठी आपल्याच गावातल्या संस्थाचालकांच्या दारात उभे राहावे लागेल, आणि त्यांतले काही आपले देणगीदार आहेत हे मला ठाऊक आहे.

माझ्या विद्यार्थ्याने ते ३६,८५५ रुपये पतपेढीतून कर्ज काढून भरले. पतपेढीचा दर साल दरशेकडा बारा, म्हणजे सरकारच्या व्याजाइतकाच. पुढच्या बैठकीला तो दोन्ही पगारपत्रके घेऊन येणार आहे. ज्यांच्या दोन नोकऱ्या आहेत त्यांनी आपापली आणावीत. हिशेब तेथेच बसून करू.