निकालापूर्वीचा न्याय

येलदरीत किंवा जिंतूर तालुक्यातील आसपासच्या कोणत्याही गावात एखाद्या नवराबायकोचा संसार मोडकळीस आला आणि प्रकरण घटस्फोटाच्या दाव्यापर्यंत पोचले, म्हणजे दोन्हीकडची वडीलधारी माणसे बहुधा एकाच सल्ल्यावर येऊन थांबतात : ‘दावा चालायचा तेवढा चालू द्या; लेकरू सध्या जिथं हाय तिथं राहू द्या; निकाल लागला की कोर्ट सांगंल तसं करू.’ या सल्ल्यामागे सद्हेतू असतो, घरातील कज्जा आणखी चव्हाट्यावर येऊ नये ही लाज असते आणि वकिलाच्या फीचा धाकही असतो, हे मला मान्य आहे. परंतु सद्हेतूने दिलेला सल्ला हितकारक असतोच असे नाही, आणि हा सल्ला तर ज्या एका जीवाला या कज्ज्यात स्वतःचे म्हणणे दाखल करण्याची सोय नाही, त्या अज्ञान मुलाच्या मुळावर येणारा आहे. दावा प्रलंबित असताना मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा हुकूम न्यायालयाकडे मागणे याला भांडण वाढविणे म्हणणे चुकीचे आहे. तो हुकूम विलंब न लावता मागावा, खऱ्या हकिकतीवर मागावा आणि दुसऱ्या पालकाच्या भेटीची तरतूद त्याच अर्जात घालून मागावा, एवढेच मला प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी विरुद्ध पक्षाची म्हणणी प्रथम एकेक करून तपासणे क्रमप्राप्त आहे.

पहिले म्हणणे थांबण्याचे. निकालापर्यंत सर्व काही जैसे थे राहील असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि नेमके तेच गृहीत खोटे आहे. दावा दाखल झाला की समन्सची बजावणी, कैफियत, समेटाचा प्रयत्न, मुद्दे, साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद अशा पायऱ्या येतात आणि प्रत्येक पायरीवर तहकुबी ठरलेली असते. एवढ्या अवधीत मोठ्या माणसाच्या आयुष्यात फारसा पालट होत नाही. परंतु तीन वर्षांचे मूल तेवढ्यात अंगणवाडीतून शाळेत जाते, त्याच्या झोपण्या-जेवण्याच्या सवयी बदलतात, आणि ज्या पालकाला त्याने वर्षभर पाहिले नाही तो दारात उभा राहिला तर ते आजीच्या पदराआड लपते. मुलाच्या बाबतीत ‘जैसे थे’ नावाची स्थिती अस्तित्वातच नसते. न्यायालयाने निर्णय दिला नाही म्हणून निर्णय व्हायचा थांबत नाही. ज्याच्या बाजूला माणसे अधिक आणि ज्याच्या हाताशी गाडी, तो न्यायाधीशाच्या ऐवजी तो निर्णय घेऊन मोकळा होतो.

याचे प्रत्यंतर शाळेच्या कचेरीत येते. जून महिन्यात एका बाजूचा पालक चार नातलगांसह येतो आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवतो. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचा फोन येतो की दाखला कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. मूल वर्गाच्या दारातून दप्तर पाठीला लावून हे सारे पाहत असते, आणि मुख्याध्यापकांपाशी या दोघांपैकी कोणाचे ऐकावे हे ठरविण्यास कागदाचा एकही आधार नसतो. न्यायालयाचा पानभर अंतरिम हुकूम त्या टेबलावर असता, तर तो प्रसंग उद्भवलाच नसता. थांबण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा आणि मग शांतता कोणत्या मार्गाने राहते ते सांगावे.

दुसरे म्हणणे अधिकाराचे. बाप हाच नैसर्गिक पालक, त्यामुळे मूल बापाचे, मग हुकूम कशाला हवा, असे बोलले जाते. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये बापाचे नाव आईच्या आधी आहे, हे खरे; पण त्याच कलमात पाच वर्षे पूर्ण न झालेल्या अज्ञान मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे लिहिलेले आहे, आणि कलम १३ ने तर मुलाचे कल्याण हाच सर्वोपरी विचार ठरविला आहे. १९९९ साली गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आईला नैसर्गिक पालकत्वासाठी बापाच्या मृत्यूची वाट पाहावी लागत नाही, हेही स्पष्ट केले. शिवाय पालकत्व ही एक गोष्ट आणि प्रत्यक्ष ताबा ही दुसरी. पालक म्हणून नाव कायम राहूनही मूल दुसऱ्याकडे वाढणेच त्याच्या हिताचे असू शकते. आईच्या बाजूनेही ‘लेकरू आईचंच’ असे सरसकट म्हणणाऱ्यांना हाच नियम लागू आहे, कारण कायद्याने ‘सामान्यतः’ हा शब्द जाणूनबुजून ठेवलेला आहे.

तिसरे म्हणणे सर्वांत घातक आहे, कारण ते उघड बोलले जात नाही, पण आचरले जाते : ज्याचा कब्जा, त्याचे मूल. येलदरी हे धरणाचे गाव. पूर्णा प्रकल्पासाठी जमिनी संपादित झाल्या त्या पिढीपासून येथील कुटुंबांना ताब्याची किंमत नेमकी ठाऊक आहे. शेत कोण कसतो, पीकपाहणीत कोणाचे नाव लागते, बांध कोणी कोरला, यावर आमच्या दिवाणी कज्ज्यांचे आयुष्य जाते, आणि तेच शहाणपण माणसे नकळत मुलाला लावू लागतात : आज उचलून आणावे, वर्षभर ठेवावे, मग ‘मूल येथे रुळले आहे’ असे न्यायालयाला सांगावे. परंतु १९७३ साली रोझी जेकब यांच्या प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की मुले ही आईबापांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत. गोव्यातील एका प्रकरणात मडगावच्या दिवाणी न्यायालयाने पाच वर्षांखालील मुलाचा अंतरिम ताबा आईला दिला, उच्च न्यायालयाने तो हुकूम फिरविला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती विक्रमजित सेन यांच्या पीठाने तो पुन्हा कायम केला. त्या निकालाचा मथितार्थ असा की एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आईने आपली पात्रता सिद्ध करावयाची नसते, तिची अपात्रता सिद्ध करण्याचा भार बापावर असतो. आणि परस्परविरोधी मागण्यांपुढे न्यायालयाने पाहावयाचे ते मुलाचे हित, पालकांचे हक्क नव्हेत.

येथे एक विसंगती मला फार बोचते. बांधावरून वाद झाला तर आमचा शेतकरी दुसऱ्याच दिवशी जिंतूरची वाट धरतो आणि दाव्याबरोबरच तूर्तातूर्त मनाई हुकुमाचा अर्ज दाखल करतो. ‘निशाणी ५ चं काय झालं?’ हा प्रश्न येथील लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही विचारता येतो. अंतिम निकालापूर्वी मालमत्ता राखून ठेवावी लागते, हे तत्त्व त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग गुंठाभर जमिनीसाठी जी तातडी आपण योग्य मानतो, तीच पोटच्या पोरासाठी कोणी दाखविली तर तिला आततायीपणा का म्हणावे?

चौथे म्हणणे गावातच मिटविण्याचे. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आणि समेटाने जे मिटते ते मिटावे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु समितीपुढे झालेल्या कराराला हुकुमाचे बळ नसते. चार पंचांच्या सह्यांचा कागद एका पक्षाने मोडला, तर दुसऱ्या पक्षापाशी पुन्हा पंचांकडे जाण्याखेरीज उपाय उरत नाही. म्हणून पंचांनी समेट अवश्य घडवावा, पण मुलाच्या बाबतीत ठरलेल्या अटी तडजोडीची पुरशीस म्हणून न्यायालयात दाखल करून त्यावर हुकूम घ्यावा. असे केले म्हणजे गावाची मध्यस्थी आणि न्यायालयाचा अंमल परस्परांना पूरक होतात.

पाचवे म्हणणे मात्र आदराने ऐकण्यासारखे आहे. तातडीचा एकतर्फी हुकूम खोट्या आरोपांवर मिळविता येतो, आणि एकदा मिळालेला तात्पुरता ताबा महिनोन्महिने लांबून अखेर कायमच्या ताब्यासारखा होऊन बसतो, असे ते म्हणणे. यात तथ्य आहे. मारहाणीची किंवा व्यसनाची अतिशयोक्त हकिकत प्रतिज्ञापत्रावर लिहिणाऱ्या पालकाचे खोटे उलटतपासणीत उघडे पडले, तर त्याचे खरेही कोणी मानीत नाही, आणि तोवर मुलाचे जे नुकसान झालेले असते ते कोणत्याही हुकुमाने भरून येत नाही. परंतु या म्हणण्यातून निघणारा निष्कर्ष अर्ज न करण्याचा नाही, अर्ज प्रामाणिकपणे करण्याचा आहे. मूल पळवून नेले जाण्याची, मारहाणीची किंवा उपासमारीची प्रत्यक्ष भीती असेल तेथेच एकतर्फी हुकूम मागावा. इतर ठिकाणी दुसऱ्या बाजूला नोटीस जावी आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जावे. तात्पुरता हुकूम कायमचा होण्याचे भय ज्याला वाटते त्याने तर सर्वांत आधी न्यायालयात जावे, कारण हुकुमावाचून चाललेला काळही त्याच्याविरुद्धच मोजला जात असतो.

आता मंडनाकडे वळू. कायद्याने या कामी मार्ग पुरेसे ठेवले आहेत. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खाली, जो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे, दावा चालू असेल तर कलम २६ अन्वये मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांविषयी न्यायालय वेळोवेळी अंतरिम हुकूम देऊ शकते, आणि ते देताना शक्य तेथे मुलांची इच्छाही विचारात घेते. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० हा सर्व धर्मीयांना खुला असून त्याच्या कलम १२ अन्वये मुलाला न्यायालयापुढे हजर करण्याचा आणि तात्पुरत्या ताब्याचा हुकूम होऊ शकतो. तो अर्ज मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात चालतो, म्हणून मुलाला रातोरात पुण्यास नेल्याने येथील न्यायालयाचा अधिकार नाहीसा होत नाही. छळ सोसणाऱ्या स्त्रीला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ खाली दंडाधिकाऱ्याकडून मुलाचा तात्पुरता ताबा मिळू शकतो, आणि ती माहेरी तात्पुरती राहत असली तरी तेथेच अर्ज करू शकते. फीचा धाक बाळगणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

हे मार्ग असून हुकूम निरुपयोगी ठरतात ते बहुधा त्यांच्या मोघमपणामुळे. ‘प्रतिवादीस मुलास भेटण्याची मुभा राहील’ एवढ्या वाक्याने पुढच्या दहा भांडणांची बीजे पेरली जातात. त्याऐवजी अर्जातच असे मागावे की मूल आईकडे राहील. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी दहा वाजता बापाने त्याला जिंतूरच्या बसस्थानकावर ताब्यात घ्यावे आणि सायंकाळी पाच वाजता तेथेच परत करावे. बुधवारी सायंकाळी फोनवर बोलणे व्हावे. शाळेचा दाखला कोणीही न्यायालयाच्या परवानगीवाचून काढू नये. दिवाळीची सुटी निम्मी-निम्मी वाटून घ्यावी. आणि वह्या, औषधे यांचा खर्च अमुक तारखेपर्यंत द्यावा. परभणी जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत; तेव्हा मूल कोपीवर जाणार की आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहून शाळा पुरी करणार, हेही त्याच हुकुमात यावे. मुलाचा बाप त्या अर्जात अर्जदार असेल तर आईच्या भेटीचे दिवस त्याने याच बारकाईने लिहावेत. जो पालक दुसऱ्यासाठी एवढे लिहून देतो, त्याच्या हेतूविषयी न्यायाधीशाला वेगळे सांगावे लागत नाही.

एक मागणी कायदे करणाऱ्यांकडेही आहे. २००१ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ ला जे परंतुक जोडले गेले, त्याप्रमाणे मुलांच्या निर्वाहाचा आणि शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावयाचा असतो. ताब्याचा उल्लेख मात्र त्या परंतुकात नाही. मुलाच्या फीचा प्रश्न साठ दिवसांत सुटावा आणि त्या मुलाने रात्री कोणत्या घरी निजावे हा प्रश्न मुदतीवाचून लोंबकळत राहावा, याचे समर्थन कोणत्याही तत्त्वाने होऊ शकत नाही. ताब्याच्या अर्जालाही तीच मुदत लागू व्हावी, आणि प्रत्येक तात्पुरत्या हुकुमावर फेरविचाराची तारीख घातलेली असावी, म्हणजे तो न सांगता कायमचा होणार नाही.

तोपर्यंत जे आपल्या हाती आहे ते करावे. संसार मोडणे टाळता आले नाही, तर मुलाने दोघांपैकी एकाला गमावणे तरी टाळता येते, आणि ते केवळ सद्भावनेवर सोडून चालत नाही. त्यासाठी तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलेला हुकूम लागतो. येलदरीतील वडीलधाऱ्यांनी यापुढे ‘निकालापर्यंत थांबा’ असे सांगण्याऐवजी, ‘दाव्याच्या पहिल्याच तारखेला लेकराचा अर्ज द्या, आणि त्यात दुसऱ्याच्या भेटीचे दिवस आधी लिहा’ असे सांगावे. घरातील तंट्यात मोठ्यांनी मुलासाठी करावयाचे ते हेच पहिले काम आहे.