काम संपले, कुत्रा उरला

माणूस जनावराला आपल्या कामासाठी घडवतो. बैल नांगरासाठी, घोडा स्वारीसाठी, कुत्रा राखणीसाठी नाहीतर शिकारीसाठी. पण ते काम वाईट आहे हे उमगून माणसानेच ते बंद केले, तर त्या जनावराचे काय करायचे? वाचकहो, हा प्रश्न नुसत्या चर्चेचा नाही. इंग्लंडमधल्या ऑटरहाउंड या कुत्र्यापुढे तो १९७८ साली प्रत्यक्ष उभा राहिला.

ऑटर म्हणजे आपले पाणमांजर. नदीकाठी राहणारे आणि मासे खाऊन जगणारे. तळ्यातले मासे खाते म्हणून इंग्लंडात शतकानुशतके कुत्र्यांचे कळप सोडून त्याची शिकार होई. पुढे त्यात गरज कमी आणि हौसच जास्त उरली. आपल्याकडचा कारवानी कुत्रा नजरेने सावज हेरतो आणि धावून गाठतो. ऑटरहाउंडचा सारा कारभार नाकावर. पाणमांजर रात्री ज्या काठाने गेले, तिथला वास हा सकाळी, कित्येक तासांनंतरही ओळखतो. पाण्यावर तरंगणाऱ्या वासाचाही माग काढतो. शरीरही तसेच घडलेले. नर खांद्यापाशी सुमारे २७ इंच उंच, वजन ५० किलोच्या आसपास. वर राठ केस, खाली तेलकट मऊ थर, बोटांमध्ये पडदा, लांब कान आणि दूरवर घुमणारा आवाज.

१९५५ नंतर इंग्लंडच्या शेतीत डील्ड्रिनसारखी कीटकनाशके आली. ती नद्यांत उतरली, माशांवाटे पाणमांजरांच्या पोटात गेली आणि त्यांची संख्या झपाट्याने घटली. अखेर १९७८ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये पाणमांजराला कायद्याचे संरक्षण मिळाले, शिकार बंद झाली. निर्णय योग्यच होता. ही विषेही पुढे वापरातून गेली, नद्या सुधारल्या आणि २०११ साली इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात पाणमांजर परतल्याचे जाहीर झाले.

कुत्र्याचे काम मात्र गेले. काही जाणत्या माणसांनी कळपातले कुत्रे घरी नेले, वंशावळीच्या नोंदी ठेवल्या, म्हणून तो टिकला. आज सगळ्या जगातले ऑटरहाउंड मोजले तरी हजाराच्या आत भरतील. वर्षाला ३०० पेक्षा कमी पिल्ले नोंदली जाणाऱ्या देशी कुत्र्यांची एक यादी ब्रिटनचा केनेल क्लब ठेवतो. तीत ऑटरहाउंड आहे, आणि त्याची नोंद तर अनेक वर्षी पन्नाशीही गाठत नाही.

शिकारी म्हटल्यावर हा खुनशी असेल असे वाटते. तसे मुळीच नाही. कळपात वाढल्यामुळे तो माणसांत आणि इतर कुत्र्यांत सहज मिसळतो. राखणीला फारसा उपयोगी नाही. भुंकून घर दणाणून सोडेल, पण मग पाहुण्याचेच स्वागत करील. हट्टी मात्र आहे. एकदा नाक जमिनीला लागले की मालकाची हाक कानात शिरत नाही. मारझोड करून हा स्वभाव बदलत नाही. तो माणसानेच पिढ्यान् पिढ्या त्याच्यात रुजवला आहे. म्हणून मोकळ्या रस्त्यावर साखळी सोडायची नाही आणि अंगणाला उंच, भक्कम कुंपण हवे.

निगा सोपी, पण रोजची. आठवड्यातून एकदा केस विंचरावेत. लोंबते कान आतून पुसून कोरडे ठेवावेत, नाहीतर कान पिकतो. पाणी पिताना दाढी भिजते, घरभर थेंब पडतात. ज्याला स्वच्छ फरशीचा फार सोस आहे, त्याने याच्या वाटेला जाऊ नये. पिल्लाला वाढत्या वयात जिने चढवू नयेत, उड्या मारू देऊ नयेत, कारण खुब्याचा सांधा दुबळा राहण्याचा दोष या कुत्र्यात आढळतो. जेवण एकदम न देता दोनदा विभागून द्यावे आणि जेवल्यावर लगेच पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांचे पोट फुगून पिळवटते आणि त्यात जीवही जातो.

याहून मोठी जबाबदारी पुढच्या पिढीची. रक्त न गोठण्याचा एक आनुवंशिक आजार या कुत्र्यांत आहे. नर आणि मादी दोघांतही तो दोष दडलेला असेल, तर सरासरी चारातले एक पिल्लू आजारी निघते. एकातच असेल तर कोणतेही पिल्लू आजारी होत नाही. आता तपासणीने हे आधीच कळते. मग दोष दडलेला प्रत्येक कुत्रा बाद का करू नये? कारण एकूण संख्याच इतकी थोडी. सारे बाद केले तर उरलेल्या जवळच्या नात्यांतच वीण होईल आणि दुसरे दोष वर येतील. म्हणून तपासायचे, आणि अशा कुत्र्याची जोडी निर्दोष कुत्र्याशीच लावायची. आम्ही कारकुनी पेशातले. जमेची बाजू तुटपुंजी असताना खर्च कसा जपून करावा, हे यातून चांगले कळते.

आपल्याकडे परदेशी कुत्रा पाळण्याची हौस वाढली आहे. त्या हौसेला आम्ही एवढेच सांगू की थंड नद्यांसाठी घडलेला, दुहेरी केसांचा हा प्राणी मुंबई-नागपूरच्या उन्हात आणि दोन खोल्यांच्या घरात हालच सोसेल. दुर्मिळ आहे म्हणून मिरवायला आणावा, असा तो नव्हे.

ज्याचे काम उरले नाही तो कुत्रा जगवायचा कशाला, असेही कोणी विचारील. त्याने स्वतः होऊन शिकारीचा धंदा पत्करला नव्हता. धंदा माणसाने दिला, माणसानेच काढून घेतला. मग पोसण्याची जबाबदारी तेवढी दुसऱ्या कोणाची कशी?