ऊन फुकट, पण पॅनेलचे पैसे?

ऊन फुकट मिळतं, हे खरं. पण त्याची वीज करायची तर पॅनेल, इन्व्हर्टर, मजुरी असा सगळा खर्च सुरुवातीलाच येतो. कोळसा लागेल तसा विकत घेता येतो. सौरऊर्जेत मात्र पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या इंधनाचे पैसे जणू आजच मोजायचे. घोडं अडतं ते इथेच.

म्हणून केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. उद्दिष्ट १ कोटी घरांचं, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. बहुतेक राज्यांत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. चांगलं ऊन असेल तर ३ किलोवॅटमधून महिन्याला साधारण ३०० युनिट वीज निघते. मात्र अनुदान संच बसल्यावर खात्यात येतं. तोवरच्या पैशांसाठी बँकांकडून विनातारण कर्जाची सोय आहे.

आता देशाचा हिशेब बघू. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. पण नुसतं पॅनेल बसवून ही आयात घटत नाही, कारण आपली बहुतेक वीज कोळशावर होते, तेलावर नाही. छतावरच्या विजेवर स्कूटर चार्ज झाली, तर पेट्रोल वाचेल. डाळ-भात इंडक्शनवर शिजला, तर सिलिंडर जास्त दिवस पुरेल. आणि स्वयंपाकाचा निम्म्याहून जास्त गॅसही बाहेरूनच येतो.

पॅनेलच चीनमधून आणलं तर? एक परावलंबन जाऊन दुसरं येईल. म्हणून या अनुदानासाठी सोलर सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. तरी सेलसाठी लागणारे सिलिकॉनचे वेफर अजून बहुतांशी आयातच होतात. तिथेही गुंतवणूक लागणार आहे.

आणि ज्यांना स्वतःचं छत नाही त्यांचं काय? भाड्याने राहणाऱ्यांसाठी ही वाट अजून अवघड आहे. पण फ्लॅटवाल्यांच्या सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक विजेसाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात. पुढच्या मीटिंगला पार्किंगच्या भांडणाआधी एवढं विचारून बघा: आपल्या गच्चीवर सावली न पडणारी जागा किती आहे?