खाऊच्या परडींत काय घालावें?

व्रतबंधाचा हंगाम आला कीं घरोघरीं आहेराचा विचार सुरू होतो. पूर्वीं भिक्षावळींत बटूच्या झोळींत लाडू, खडीसाखर, सुका मेवा पडे. आतां त्यांच्या जोडीला रंगीत फितींनीं सजविलेली, परदेशी चॉकलेटें व गोळ्या यांनीं भरलेली परडीही येऊं लागली आहे. कोणी ती दुकानांतून तयार घेतो, तर कोणाचा आप्त परदेशांतून येतांना पिशवी भरून खाऊ आणतो. परदेशी म्हणून ती वस्तु त्याज्य, असें आम्ही म्हणत नाहीं. परदेशी म्हणूनच ती उत्तम, असेंही नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जो परडी भरील त्यानें आंतील प्रत्येक जिनसाचें वेष्टन एकदां वाचावें. तें वाचणें मुलाचें काम नव्हे, देणाऱ्याचें आहे. आणि तें त्यानें केलेलें आहे असें मूल धरूनच चालतें.

प्रथम ‘परदेशी’ या शब्दाचाच थोडा विचार करूं. संस्कृतांतील शर्करा इराणांत शकर झाली, अरबांकडे सुक्कर झाली आणि पुढें युरोपच्या भाषांत शिरून इंग्रजींत शुगर म्हणून मिरवूं लागली. आमचा ‘खंड’ हा शब्द फारशींत कंद झाला, आणि त्याच वाटेनें जाऊन इंग्रजांची कँडी झाला. तेव्हां परडींतील पुष्कळसा माल नांव बदलून माहेरीं आलेल्या लेकीसारखा आहे.

जपानचें उदाहरण तर याहून मौजेचें. तेथें कोंपेइतो नांवाची रंगीत, कांटेरी साखरगोळी मिळते. हें नांव पोर्तुगीज ‘कॉन्फेइतो’वरून आलें, इ. स. १५६९ मध्यें लुईश फ्रोइश या जेझुइट पाद्र्यानें ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदारास या गोळ्या कांचेच्या भांड्यांत घालून नजर केल्या. बारीक दाणे तापलेल्या कढईंत सतत हलवीत, त्यांवर थोडा थोडा पाक सोडीत राहिलें म्हणजे त्यांस कांटे फुटतात. या कामास तेथें पंधरा पंधरा दिवस लागतात. आमच्या घरांतील स्त्रिया संक्रांतीपूर्वीं शेगडीवर परात ठेवून, तिळांवर चमच्याचमच्यानें पाक सोडून, बोटांनीं हलवा फुलवितात तो याच रीतीनें. जपानी गोळी आणि घरचा हलवा शेजारीं शेजारीं ठेवून मुलास दोन्ही दाखविलीं, तर भूगोलाचा एक धडा छडीवांचून होतो. परदेशी खाऊचें खरें मोल आमच्या मतें येथें आहे.

आतां वेष्टनाकडे वळूं. चघळावयाच्या लवचिक गोळ्या, ज्या बहुधा अस्वलाच्या आकाराच्या दिसतात, त्या पुष्कळदां जिलेटिनानें बांधलेल्या असतात. आणि जिलेटिन हें डुकरें व गुरें यांचीं कातडीं आणि हाडें उकळून काढतात. मार्शमॅलो या कापसासारख्या मिठाईचीही तीच गोष्ट. तांबड्या रंगासाठीं कित्येक पदार्थांत ई १२० घालतात. तो कोचिनील नांवाच्या किड्यांपासून होतो. ज्या बालकाच्या कमरेला सकाळीं मेखला बांधून त्याला आहारविहाराचे नियम सांगितले, त्याच्याच हातीं सायंकाळीं आपण अशी परडी ठेवतों, हें पुष्कळांच्या ध्यानांतही येत नाहीं. उद्यां तें मूल मोठें होऊन वेष्टन वाचूं लागेल, तेव्हां त्याला काय वाटेल? खाण्याचा दोष त्याच्याकडे नाहीं. पण वडील माणसांच्या शब्दावरचा विश्वास एकदां सैल झाला म्हणजे पुन्हां पहिल्यासारखा घट्ट बसत नाहीं. ज्या घरीं असा नियम नसेल तेथें हा प्रश्नही नाहीं. मात्र आपण देतों तें घर कोणतें, हें पाहून द्यावें.

सुदैवानें पर्याय आहेत. फळांपासून निघणारें पेक्टिन, किंवा समुद्रशेवाळापासून होणारें व आमच्या गृहिणींस चायना ग्रास म्हणून ठाऊक असलेलें अगर, यांनीं बांधलेल्या गोळ्याही मिळतात. भारतांत रीतसर आयात झालेल्या पुड्यावर आयात करणाराचें नांव व पत्ता, १४ आंकडी परवाना-क्रमांक, आणि हिरव्या चौकटींतील हिरवा ठिपका किंवा तपकिरी चौकटींतील तपकिरी त्रिकोण असावा लागतो. आपल्या नियमांप्रमाणें अंडें घातलेला पदार्थ मांसाहारी गणतात; युरोपांत ‘व्हेजिटेरियन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत अंडें असूं शकतें. आप्तांच्या सामानांतून आलेल्या पुड्यावर आपली खूण बहुधा नसतेच. तेथें घटकांची यादी ओळीनें वाचावी. ज्याचें वजन अधिक त्याचें नांव आधीं, असा या यादीचा क्रम असतो. पहिलें नांव साखरेचें असेल तर आपण मुख्यतः साखरच देत आहों, हें समजावें.

याहून गंभीर बाब जिवाची आहे. चॉकलेटांच्या कांहीं डब्यांत आंत मद्य भरलेलें असतें. रम, किर्श, लिकर हे शब्द दिसले तर तो डबा मुलाचा नव्हे. चार-पांच वर्षांखालील मुलास टणक वाटोळी गोळी मुळींच देऊं नये. ती श्वासमार्गांत अडकते. वर सांगितलेली जपानी गोळीही याला अपवाद नाहीं. कोंजॅक नांवाच्या कंदाच्या पिठानें घट्ट केलेली, लहानशा वाटींतून चोखून खावयाची जेली घशांत अडकून कित्येक मुलें दगावलीं, इ. स. २००२ मध्यें युरोपीय संघानें अशा जेलींत तो पदार्थ घालण्यास बंदी केली. भुईमूग, बदाम, हेझलनट यांची एखाद्या मुलास बाधा होते. याविषयीं त्याच्या आईला आधीं विचारावें. त्यांत संकोच कसला?

मग भरावें काय? आठ वर्षांच्या बटूसाठीं आम्ही चारच जिन्नस सुचवितों. पहिला तुर्कस्तानचा लोकुम: मूळ कृतींत तो साखर व पिष्ट यांचा असून गुलाबपाण्यानें सुगंधित केलेला असतो. दुसरा जर्मनींतील ल्यूबेक गांवचा मार्झिपान: बदाम व साखर यांचा, त्यांत अंड्याचा पांढरा बलक नाहीं एवढें पाहावें. तिसरें दुधाचें स्विस चॉकलेट: इ. स. १८७५ च्या सुमारास व्हेव्हे गांवीं डानिएल पेटर यानें आटवलेल्या दुधाच्या साह्यानें तें सिद्ध केलें. चौथी जपानी कोंपेइतो, आणि तिच्या शेजारीं घरचा हलवा. प्रत्येकाबरोबर चिठ्ठी असावी, तींत देशाचें नांव व कृति सुवाच्य बाळबोध अक्षरांत लिहावी. एक व्यावहारिक सूचना: चॉकलेटांतील कोकोचें लोणी सुमारें ३४ अंश सेल्सियसला वितळतें, आणि मुंजी तर ऐन वैशाखांत, म्हणून चॉकलेट मांडवांत न ठेवतां घरच्या थंड जागीं ठेवून मागाहून द्यावें.

परिमाणाविषयींही दोन शब्द. दोन वर्षांपुढील मुलास वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमहून कमी असावी, असा अमेरिकन हार्ट असोसिएशनचा इ. स. २०१६ चा सल्ला आहे. दुधाच्या १०० ग्रॅम चॉकलेटांत निम्म्याच्या आसपास साखरच असते; म्हणजे अर्ध्या वडींतच दिवसाचा सारा हिशेब पुरा. स्वीडनमध्यें लुंड शहराजवळील व्हिपेहोल्म रुग्णालयांत इ. स. १९४५ नंतर जे प्रयोग झाले, त्यांत असें दिसलें कीं, साखर किती खाल्ली यापेक्षां ती किती वेळां व किती चिकट रूपांत खाल्ली, यावर दांतांची कीड अधिक अवलंबून असते. हे प्रयोग संमति देण्यास असमर्थ अशा मतिमंद रुग्णांवर झाले, हा त्या शास्त्राला लागलेला डागच होय. परंतु त्यांतून मुलांना खाऊ फक्त शनिवारीं द्यावा, ही रीत त्या देशांत रूढ झाली. ती आपल्याकडेही उचलण्यास हरकत नाहीं. परडी महिनाभर पुरेल व तिची गोडीही टिकेल.

शेवटीं, परडी एका बटूच्या नांवाची असली तरी एकत्र कुटुंबांत मुलें पांच असतात. मोठी एकसंध वस्तु देण्यापेक्षां वाटतां येतील असे लहान नग द्यावे, आणि पाहुण्यांनीं ते मोजून भरावे. मिळालेली भिक्षा बटूनें प्रथम आचार्यांपुढें ठेवावी, असा विधि आहे. हीही परडी त्यानें आजीपुढें ठेवावी, वेष्टनें सर्वांनीं मिळून वाचावीं, आणि मग त्याच्याच हातानें भावंडांस वाटावी. मागून घेण्याचा संस्कार सकाळीं मांडवांत झालेला असतो. वांटून देण्याचा संस्कार घरच्यांनीं करावयाचा असतो.