शिट्टीबरोबर झेंडाही हवा

माझा धाकटा भाऊ तालुक्याच्या कर्णबधिर शाळेत शिकतो. गेल्या संक्रांतीला तो घरी आला होता. आपल्या शाळेत शर्यत होती. तोही रेषेवर उभा राहिला. शिट्टी वाजली, सगळे पळाले, तो तिथंच! पोरं हसली. हसणाऱ्यांत मीही होतो.

३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. १९९२ पासून तो पाळतात. यंदा त्या दिवशी आईबरोबर मी भावाच्या शाळेत गेलो. थंडी कडाक्याची होती. मुलं स्वेटर काढून रेषेवर उभी राहिली. गुरुजींनी लाल झेंडा वर धरला. झेंडा खाली आला अन् पोरं सुटली! भाऊ दुसरा आला. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. तीच त्यांची टाळी.

मग चूक भावाची कशी? चूक आपल्या शिट्टीची. दिव्यांग मुलांना शाळेत इतरांच्या बरोबरीने खेळायची संधी द्यावी, असे २०१६ च्या कायद्यातही आहे.

म्हणून माझे मत असे की, यंदाच्या शर्यतीत शिट्टीबरोबर झेंडाही दाखवावा. खर्च काहीच नाही. आईच्या जुन्या लुगड्याचा लाल तुकडा आणि काठी मी आणतो. भाऊ संक्रांतीला येणारच आहे.