तातडीचा डॉक्टर आणि मेडिकेअर

अमेरिकेत तातडीच्या वैद्यकसेवेला १९७९ मध्ये स्वतंत्र विशेष शाखेची मान्यता मिळाली. तेथील डॉक्टरचे शिक्षण आणि ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेतील त्याचा सहभाग कोणालाही पाहता येतो. सहभागी डॉक्टर योजनेचा मान्य दर हाच पूर्ण मोबदला मानतो. रुग्णाकडे सहसा २० टक्के वाटा उरतो. परंतु बेशुद्ध रुग्ण डॉक्टर कसा निवडणार? १९८६ च्या कायद्याने मेडिकेअरशी संलग्न रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांवर, पैशाचा विचार न करता, तपासणी व प्रकृती स्थिर करणारे उपचार बंधनकारक केले. बिल मात्र माफ केलेले नाही. पर्यटक व्हिसावर मुलांकडे जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना मेडिकेअर लागू नाही. जुन्या आजारांविषयीच्या अटी वाचूनच त्यांनी प्रवासविमा घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.